पाळी जाण्याचे वय आणि पिशवी काढण्याची घाई

पौषातल्या रात्री खान्देशात थंडी चांगलीच बोचते. दारे-खिडक्या बंद असतात, अंगावर दोन-दोन गोधड्या असतात. अशा वेळी पहाटे तीनच्या सुमारास घरातील पंचेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांची गृहिणी एकाएकी गोधडी दूर सारून उठून बसते आणि पंखा सुरू करते. छातीतून निघालेली उष्णतेची लाट मानेवरून चेहऱ्यापर्यंत चढलेली असते. कपाळावर घाम डवरलेला असतो, छातीत धडधडत असते. दोन-चार मिनिटांत सारे शांत होते आणि मग तिलाच हुडहुडी भरते. पंख्याच्या वाऱ्याने जागे झालेले घरचे लोक कुरकुरतात. सकाळी पुन्हा चहा, डबे, नोकरी किंवा शेत. रात्रीच्या त्या प्रसंगाचा उल्लेखही होत नाही.

हीच लाट मे महिन्यात आली तर तिची दखल घेणेही कठीण. जळगाव, भुसावळ, धुळे परिसरात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. पापड, कुरडया आणि बिबड्यांचा घाट नेमका याच दिवसांत घातलेला असतो. चुलीपुढे किंवा गच्चीवरच्या उन्हात एखादीला दरदरून घाम फुटला, चक्कर आली, तर ‘ऊन लागले’ असे म्हणून कैरीचे पन्हे दिले जाते, कांदा हुंगवला जातो. रजोनिवृत्तीचे पहिले लक्षण खान्देशात अशा रीतीने अनेकदा उन्हाच्या खात्यात जमा होते.

लक्षण ओळखले जात नाही, तोवर ते सहन केले जाते. आणि पाळीचा त्रास सहनशक्तीपलीकडे गेला, की ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला कानावर येतो. गर्भाशयाला बोलीभाषेत पिशवी म्हणतात आणि ती काढणे ही आपल्याकडे इतकी सरावाची गोष्ट झाली आहे, की वयाच्या पस्तिशी-चाळिशीत ‘माझीही काढली आहे’ असे सांगणारी एखादी नातेवाईक बहुतेक घरांत सापडते. मुकाट्याने सोसणे आणि कापून काढणे या दोन टोकांच्या मध्ये बरेच काही करता येण्याजोगे आहे. दुर्दैवाने त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

नेमके काय घडते?

मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या बीजांडकोशात स्त्रीबीजांचा साठा ठरलेला असतो. वयानुसार तो आटत जातो. साठा संपत आला की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची निर्मिती घटते आणि पाळी थांबते. सलग १२ महिने पाळी आली नाही आणि त्यामागे गर्भधारणा, एखादे औषध किंवा दुसरा आजार हे कारण नसेल, तर रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. म्हणजे तिची तारीख वर्ष उलटल्यानंतरच सांगता येते.

पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय ५१ वर्षे आहे. भारतीय स्त्रियांत ते ४६ ते ४७ वर्षांच्या आसपास असल्याचे विविध पाहण्यांत आढळले आहे. सुश्रुतसंहितेने रजःप्रवृत्तीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतचा सांगितला आहे, म्हणजे हा हिशेब आपल्याकडे जुनाच आहे. ४५ वर्षांच्या आत पाळी गेल्यास ती लवकर आलेली रजोनिवृत्ती आणि ४० च्या आत गेल्यास अकाली रजोनिवृत्ती समजली जाते. या दोन्ही प्रकारांत डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते, कारण हाडांचे आणि हृदयाचे संरक्षण करणारे इस्ट्रोजेन त्या स्त्रीला कित्येक वर्षे कमी मिळते.

पाळी एका दिवसात बंद होत नाही. त्याआधी सुमारे चार वर्षांचा, काहींच्या बाबतीत त्याहूनही मोठा संक्रमणकाळ असतो. पाळी कधी २० दिवसांत येते, कधी दोन महिने येत नाही. कधी नुसता डाग दिसतो, तर कधी इतका रक्तस्राव होतो की घराबाहेर पडणे मुश्कील व्हावे. अंगातून गरम वाफा निघणे, रात्री घाम येणे, झोप उडणे, चिडचिड, विसराळूपणा, सांधे आखडणे या तक्रारी याच काळात सुरू होतात. पाळी अद्याप चालू असल्याने हा त्रास रजोनिवृत्तीचा असेल, असे त्या स्त्रीच्या आणि तिच्या घरच्यांच्या मनातही येत नाही. पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रीत ही लक्षणे स्पष्ट दिसत असतील, तर निदानासाठी संप्रेरकांच्या महागड्या तपासण्यांची सहसा गरज भासत नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि रक्तातील साखर मात्र तपासून घ्यावी. कारण धडधड, थकवा आणि घाम यांचे मूळ तिथेही असू शकते.

गरम वाफांचे कारण मेंदूत आहे. शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात असते. इस्ट्रोजेन घटल्यावर हे केंद्र फार हळवे होते. शरीराचे तापमान किंचित वाढले तरी उष्णता बाहेर टाकण्याचा आदेश सुटतो, त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि घाम फुटतो. उन्हाच्या त्रासापासून हा त्रास वेगळा ओळखता येतो. तो अचानक येतो, छातीकडून वर चढतो, काही मिनिटांत ओसरतो, त्यानंतर थंडी वाजू शकते आणि तो सावलीत, रात्री, हिवाळ्यातही येतो. हे दोन-चार महिन्यांत संपेल, ही समजूतही खरी नाही. अमेरिकेत हजारो स्त्रियांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासात, वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्यांना हा त्रास सात वर्षांहून अधिक काळ झाल्याचे दिसले. भारतीय पाहण्यांत मात्र वाफांपेक्षा सांधेदुखी, अंगदुखी आणि थकवा या तक्रारी अनेकदा वरच्या क्रमांकावर असतात. त्यामुळे आपल्याकडची स्त्री स्त्रीरोगतज्ज्ञाऐवजी गुडघ्याच्या डॉक्टरकडे आधी पोहोचते.

आणखी एक तक्रार आहे, जी कोणाकडेच पोहोचत नाही. इस्ट्रोजेन कमी झाल्याने योनिमार्गाची त्वचा पातळ व कोरडी होते. जळजळ, खाज, शरीरसंबंधाच्या वेळी वेदना, वारंवार लघवीला जावे लागणे, लघवीचा पुन्हा पुन्हा होणारा जंतुसंसर्ग हे सारे त्यातून उद्भवते. वाफा काही वर्षांनी कमी होतात, हा त्रास मात्र उपचार न केल्यास वाढत जातो. त्यावर अल्प मात्रेतील इस्ट्रोजेनची मलमे आणि साधी वंगण देणारी जेल उपलब्ध आहेत. पण ते मागण्यासाठी आधी डॉक्टरांपुढे तोंड उघडावे लागते, आणि सोबत सासू, नणंद किंवा मुलगा बसलेला असताना ते होत नाही. तपासणीच्या वेळी काही मिनिटे एकटीने बोलण्याची मागणी स्त्रीने निःसंकोचपणे करावी.

‘काढून टाका’ कोठून येते?

संक्रमणकाळातील अतिरक्तस्राव हे या सल्ल्याचे मुख्य उगमस्थान आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच रक्त कमी, त्यात महिन्यातून दोनदा रक्तस्राव, म्हणजे चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. शेतमजुरी करणाऱ्या स्त्रीची मजुरी बुडते. सोनोग्राफीच्या अहवालात ‘पिशवीला सूज’, ‘छोटी गाठ’ असे काही लिहिलेले असते. त्यातच ‘पुढे कॅन्सर झाला तर?’ हा प्रश्न कोणीतरी विचारतो. मुले झालेली असतात, नसबंदीही झालेली असते, मग पिशवीचा उपयोग तरी काय, असा विचार घरात होतो आणि शस्त्रक्रियेचा दिवस ठरतो.

याच राष्ट्रीय पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील सुमारे ३.३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले असल्याचे आढळले. त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या होत्या. निम्म्याहून अधिक स्त्रियांनी अतिरक्तस्राव हे कारण सांगितले. शस्त्रक्रियेच्या वेळचे मध्यम वय होते ३४ वर्षे. पन्नाशीनंतरच्या स्त्रिया या पाहणीत नसल्याने हा आकडा काहीसा खाली ओढला गेला आहे, हे मान्य केले तरी चौतिसाव्या वर्षी गर्भाशय काढलेली स्त्री नैसर्गिक रजोनिवृत्तीपासून एका तपाने दूर असते.

या प्रश्नाचे सर्वांत भयंकर रूप महाराष्ट्राने बीड जिल्ह्यात पाहिले. ऊसतोडणी करणाऱ्या तरुण स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी त्या वर्षी जूनमध्ये विधिमंडळात दिली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे निष्पन्न झाले. खाडा झाल्यास मुकादमाकडून होणारी दंडाची कपात, तळावर शौचालय आणि पाण्याचा अभाव, अंगावर काढलेले जंतुसंसर्ग आणि कर्करोगाची घातलेली भीती, अशी कारणांची साखळी त्यातून पुढे आली. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय बीडमधील खासगी रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया करू नये, असे बंधन त्याच वर्षी घालण्यात आले.

बीडचा प्रश्न बीडचाच, असे म्हणून खान्देशाला मोकळे होता येणार नाही. धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या काही भागांतूनही ऊसतोडणीसाठी दरवर्षी स्थलांतर होते. साक्री, शिरपूर भागातील आदिवासी कुटुंबे कोयता घेऊन दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांकडे जातात. आणि अतिरक्तस्राव, रक्तक्षय व कर्करोगाची भीती हे त्रिकूट उसाच्या फडाबाहेरही, अगदी शहरातल्या सदनिकांतही भेटते.

अनावश्यक शस्त्रक्रियांचा विषय डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. याचिकेत बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील प्रकार मांडलेले होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी दिला. चाळिशीच्या आतील स्त्रीवर अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी विशेष दक्षता घेतली जावी आणि तिच्यावर देखरेख असावी, हा या तत्त्वांचा गाभा आहे.

शस्त्रक्रियेनंतरचा हिशेब

गर्भाशय काढल्याने पाळी थांबते, हे खरे. रजोनिवृत्तीचा त्रास मात्र त्यामुळे टळत नाही. उलट, गर्भाशयासोबत दोन्ही बीजांडकोशही काढले, तर जे संक्रमण चार-पाच वर्षांत हळूहळू व्हायचे ते एका दिवसात होते. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच वाफा, निद्रानाश आणि नैराश्य यांचा जोरदार मारा सुरू होऊ शकतो. हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोकाही वयाच्या मानाने लवकर सुरू होतो. बीजांडकोश शाबूत ठेवले तरी रजोनिवृत्ती काही वर्षे अलीकडे येण्याची शक्यता वाढते. शिवाय पाळीच बंद झालेली असल्याने ती कधी आली, हे कळायला मार्ग उरत नाही. पाठ-कंबर दुखते म्हणून ‘ऑपरेशननंतर अशक्तपणा आला’ असे सांगणाऱ्या चाळिशीतल्या अनेकींच्या तक्रारीमागे ही संप्रेरकांची कमतरता असू शकते.

याचा अर्थ ही शस्त्रक्रिया नेहमीच चुकीची असते, असा मुळीच नाही. गर्भाशयाचा कर्करोग, फार मोठ्या किंवा त्रासदायक गाठी, अंग बाहेर येणे, औषधांनी न आटोपणारा रक्तस्राव यांसाठी ती आवश्यक ठरते आणि अनेकींना तिने नवे आयुष्य दिले आहे. तिला नकार देऊन रक्ताच्या पिशव्या चढवत राहणे हेही शहाणपणाचे नव्हे. प्रश्न आहे तो क्रमाचा. रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडसारख्या गोळ्या आहेत, संप्रेरकांच्या गोळ्या आहेत. प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक थेट गर्भाशयात सोडणारी विशिष्ट तांबी आहे, जी बसवल्यावर बहुसंख्य स्त्रियांचा रक्तस्राव काही महिन्यांत लक्षणीय घटतो आणि जी काही वर्षे काम करते. पाळी जाण्याचे वय दोन-तीन वर्षांवर आलेले असेल, तर तेवढा काळ निभावून नेण्यास हे उपाय अनेकींना पुरतात. गाठी लहान असतील तर रजोनिवृत्तीनंतर त्या बहुधा आपोआप आक्रसतात.

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यावर काही प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. शस्त्रक्रिया नेमकी कशासाठी? औषधे किंवा तांबीचा पर्याय माझ्या बाबतीत का नको? गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासला आहे का? बीजांडकोश ठेवणार की काढणार, आणि काढणार असल्यास का? जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. जळगावचे २०१८ मध्ये सुरू झाले, तर धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चक्करबर्डी परिसरात त्याहून कितीतरी आधीपासून आहे. तेथील स्त्रीरोग विभागात दुसरे मत घेता येते. तातडीचा रक्तस्राव नसेल, तर त्यासाठी आठवडाभर थांबल्याने बहुधा काही बिघडत नाही.

येथे मात्र थांबू नये

घाईविरुद्ध एवढे लिहिल्यानंतर उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, एकच डाग का असेना, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. ‘पाळी परत आली’, ‘उष्णता वाढली’ असे म्हणून हा रक्तस्राव घरोघरी दुर्लक्षिला जातो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जगभरातील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले, की रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झालेल्या शंभर स्त्रियांपैकी साधारण नऊ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होता. म्हणजे ९१ जणींना नव्हता, ही दिलासा देणारी बाब. पण हा कर्करोग झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के स्त्रियांमध्ये असा रक्तस्राव हे लक्षण होते. इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे सूचना देणारे कर्करोग थोडे असतात. सोनोग्राफी आणि अस्तराच्या तुकड्याची तपासणी यांतून उत्तर मिळते, आणि वेळेवर सापडल्यास हा आजार बरा होण्याची शक्यता मोठी असते.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, स्तनाचा कर्करोग, रक्तदाब आणि मधुमेह यांची प्राथमिक तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत तिशीपुढील सर्वांसाठी शासकीय आरोग्य केंद्रांत होते. पाळी गेली म्हणून या तपासण्या संपत नाहीत.

संप्रेरकांची भीती

रजोनिवृत्तीच्या वाफांवर सर्वांत परिणामकारक औषध इस्ट्रोजेन हेच आहे. तरीही ‘हार्मोनच्या गोळ्या म्हणजे कॅन्सर’ हे समीकरण डॉक्टरांच्याही मनात घट्ट बसले आहे. त्याचे मूळ जुलै २००२ मध्ये आहे. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेला एक मोठा प्रयोग तेव्हा मुदतीआधीच थांबवण्यात आला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या दर १० हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे आठ, पक्षाघाताचे आठ आणि हृदयविकाराचे सात रुग्ण अधिक आढळले. फुप्फुसातील रक्ताच्या गुठळ्यांचे प्रमाणही वाढले होते, तर मांडीच्या हाडाचे अस्थिभंग आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी झाला होता. बातम्यांतून पोहोचली ती केवळ भीती. जगभर लाखो स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या.

त्या प्रयोगातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ वर्षे होते, ही बाब नंतर सावकाश पुढे आली. पाळी जाऊन दहा वर्षे झालेल्या स्त्रीला आणि नुकतीच पाळी गेलेल्या पन्नाशीच्या स्त्रीला एकच मोजपट्टी लावता येत नाही. साठीच्या आतील किंवा रजोनिवृत्तीनंतर दहा वर्षांच्या आतील निरोगी स्त्रीला तीव्र त्रास असेल, तर या उपचाराचे फायदे साधारणपणे तोट्यांहून अधिक आहेत, असे आज जगभरातील तज्ज्ञ संघटनांचे मत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर या औषधांच्या वेष्टनावरील चौकटीतला गंभीर इशारा काढण्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. अर्थात ही गोळी शेजारणीच्या सल्ल्याने दुकानातून आणण्याची नव्हे. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल, यकृताचा आजार असेल किंवा कारण न समजलेला रक्तस्राव होत असेल, तर ती दिली जात नाही. गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते. ज्यांची बीजांडकोशे अकाली काढली गेली आहेत, त्यांना मात्र रजोनिवृत्तीच्या सर्वसाधारण वयापर्यंत संप्रेरके द्यावीत, अशी शिफारस आहे. खान्देशातील अशा किती स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर कोणी हे सांगितले असेल, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

संप्रेरके नको असतील किंवा चालत नसतील, तर वाफांवर परिणाम करणारी इतर औषधेही डॉक्टर देऊ शकतात. विचार आणि वर्तन यांना वळण देणाऱ्या समुपदेशनाचाही झोप आणि वाफा या दोन्हींसाठी उपयोग होतो. सोयाबीनच्या गोळ्या, जाहिरातीतील ‘नैसर्गिक’ पुड्या यांचा पुरावा तोकडा आहे, किंमत मात्र तोकडी नसते.

ताटात आणि अंगणात

इस्ट्रोजेन गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. ती दुखत नाही, म्हणून कळत नाही. न्हाणीघरात पाय घसरून मनगट मोडते, तेव्हा कळते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार रजोनिवृत्तीनंतर स्त्रीला दररोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. चहातल्या दुधाने हे गणित सुटत नाही. म्हशीच्या एका पेलाभर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशेच्या आसपास, तर तितक्याच तिळात एक हजाराहून अधिक. साक्रीच्या डोंगराळ पट्ट्यात पिकणारी नागली शहरात ‘गरिबांचे धान्य’ म्हणून मागे पडली होती, ती आता दुकानांत महागड्या पाकिटांतून परत आली आहे. ज्वारी किंवा कळण्याच्या भाकरीला नागलीची जोड, तिळाची चटणी, ताक, पालेभाज्या आणि डाळ एवढे ताटात असेल तर वेगळ्या आहाराची गरज नाही. अट एकच, सर्वांचे वाढून झाल्यावर उरेल ते खाण्याची सवय सोडावी लागेल.

तिखट, गरम चहा आणि चुलीची धग यांनी काहींच्या वाफा वाढतात. म्हणून सरसकट शेवभाजी बंद करा असा सल्ला खान्देशात कोणी मानणार नाही, आणि त्याची गरजही नाही. कोणत्या पदार्थानंतर आपल्याला वाफ येते, हे आठ-पंधरा दिवस पाहून तेवढाच टाळावा.

उन्हाचा प्रदेश असूनही ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता येथे आढळते. घरातले काम, डोक्यावरचा पदर किंवा बुरखा आणि दुपारी बाहेर पडण्याची सोय नसणे ही त्याची कारणे आहेत. चाचणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेता येते. जळगावच्या मेहरूण तलावाकाठी पहाटे फिरणाऱ्यांत स्त्रियांची संख्या चांगली असते. चालणे उत्तमच. पण हाडे आणि स्नायू टिकवायचे तर थोडा जोरही लावावा लागतो. पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, जिना चढणे यांसाठी व्यायामशाळा लागत नाही. रजोनिवृत्तीनंतर रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते, त्याविरुद्धही हाच व्यायाम कामी येतो.

एका गोष्टीची आठवण संकोचामुळे राहून जाते. नसबंदी झालेली नसेल, तर पाळी अनियमित झाली म्हणून गर्भधारणेची शक्यता संपत नाही. पन्नाशीपुढे शेवटच्या पाळीनंतर एक वर्ष आणि पन्नाशीच्या आत दोन वर्षे गर्भनिरोधक साधन वापरावे, असा सल्ला दिला जातो.

घरातले हवामान

पाळी जाण्याचे वय एकटे येत नाही. मुलगा शिक्षणासाठी पुण्याला गेलेला असतो, मुलीचे लग्न जुळवायचे असते किंवा नवी सून घरात आलेली असते. सासू अंथरुणाला खिळलेली असते. झोप पुरी न झालेली स्त्री या साऱ्याला तोंड देत असते आणि तिची चिडचिड ‘स्वभाव बदलला’ या शब्दांत मोजली जाते. या काळात नैराश्याचा धोका वाढतो, विशेषतः पूर्वी कधी नैराश्य आलेले असेल तर. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो केवळ वयाचा परिणाम समजू नये. टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. पतीने पंख्याच्या वाऱ्यावरून कुरकुर न करणे हाही उपचाराचाच भाग आहे. त्याला पैसेही पडत नाहीत.

दुसरी बाजूही आहे. पाळी गेल्यावर अनेक स्त्रियांना सुटल्यासारखे वाटते. श्रावणात कानबाईचे रोट करताना ‘कोणाला चालेल, कोणाला नाही’ याचा हिशेब पाळणाऱ्या घरांत पाळी गेलेल्या बाईकडे सगळी सूत्रे येतात. ती धान्य निवडण्यापासून विसर्जनापर्यंत कोणाला न विचारता वावरते. पाळीचा विटाळ मानणे योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवला तरी हे मोकळेपण तिच्या चेहऱ्यावर दिसते.

डॉक्टरांकडे जाताना एक गोष्ट सोबत असावी. खान्देशातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते. दुधाचे खाडे आणि गॅस सिलिंडर लावल्याची तारीख त्यावर लिहिलेली असतेच. त्याच चौकोनांत पाळी आली तो दिवस, किती दिवस राहिली, रात्री किती वेळा वाफ येऊन जाग आली, एवढे खुणेने टिपून ठेवावे. तपासणीच्या खोलीत ‘शेवटची पाळी कधी आली होती?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, आणि बहुतेकींना त्याचे उत्तर आठवत नाही.